पार्ल्यातला खादाड दिवस

विलेपार्ल्यात आज फ्लॅटचे भाव ऐकूनच पोट भरतं! पण खाण्यापुरता खिसा हलका असला तरी चालतो. सकाळी पूर्वेला स्टेशनजवळ वडापाव घ्या. पावात लाल लसणीची चटणी, वर कढईतून काढलेला वडा आणि सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. ती आधी चावू नका, वड्याची चव कळणार नाही. दुपारी साधं वरण-भात-तूप. संध्याकाळी पश्चिमेला मिठीबाई कॉलेजसमोर बटर लावलेला डोसा, रात्री कूपर रुग्णालयाच्या बाजूला पावभाजी. चहासोबत बिस्किट मात्र हवंच. १९२९ साली इथे सुरू झालेला पार्ले कंपनीचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला; स्टेशनवर येणारा बिस्किटांचा खमंग वास तेव्हाच थांबला.