मांडूचा हिरवा, पळसाचा केशरी



चातुर्मास लागला की लग्नांचे मुहूर्त थांबतात, ते थेट तुळशीच्या लग्नानंतर उघडतात. पण मार्गशीर्षात बोहल्यावर चढणाऱ्या जोडप्याला जोडीचे फोटो त्याआधीच हवे असतात. म्हणून धार, देवास आणि पीथमपुरातल्या मराठी घरांत ‘प्री-वेडिंग’ची लगबग ऐन श्रावण-भाद्रपदात सुरू होते. मुलगा पीथमपुरच्या कारखान्यात पाळीवर, मुलगी इंदुरात नोकरीला. दोघांची सुटी जुळते असा एखादाच रविवार हाती लागतो. मग पाऊस असो की धुके, मांडू गाठायचेच.

कपडे मात्र बहुतेक वेळा महिनाभर आधी, दुकानातल्या दिव्याखाली ठरून गेलेले असतात. ज्या जागी उभे राहायचे त्या जागेचा त्या दिवसांतला रंग तेव्हा कोणाच्या ध्यानी नसतो. खरी निवड तिथून सुरू व्हायला हवी.

धारपासून मांडू सुमारे ३५ किलोमीटर. तिथला जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे, लांबी सुमारे १२० मीटर. उन्हाळ्यात त्याच्या भिंती आणि भोवतीचे पठार दोन्ही मातकट दिसतात. पाऊस झाला की भिंतींच्या पायथ्यापर्यंत हिरवळ चढते. या हिरव्यात पोपटी साडी किंवा मेंदी रंगाचा कुर्ता पार विरघळून जातो. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, डाळिंबी हे रंग मात्र लांबूनही उठून दिसतात. ढगाळ हवेतला उजेड मऊ असतो, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत, त्यामुळे गडद रंगही चेहरा काळवंडून टाकत नाहीत.

तिथून थोड्याच अंतरावर होशंगशहाचा मकबरा आहे, पंधराव्या शतकातला, पांढऱ्या संगमरवराचा. तिथे मोतिया रंगाची चंदेरी नेसली तर साडी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. जांभळा किंवा मोरपंखी रंग तिथे शोभतो. धारचा किल्ला लाल दगडाचा, तेव्हा तिथे लाल शालू नको. ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसरे बाजीराव पेशवे जन्मले, तो हाच. धारच्या मराठी घरांना तिथे जोडीने फोटो काढावासा वाटतो, यात नवल नाही. त्या दगडापुढे पांढरा अंगरखा आणि निळी किंवा हिरवी नऊवारी उत्तम.

पावसाळ्यात रंगाइतकाच प्रश्न कापडाचा असतो. रेशमावर थेंबांचे डाग राहतात. पातळ पांढरे सुती कापड भिजले की पारदर्शक होते. कच्च्या रंगाची ओढणी ओली झाली की कुर्त्यावर उतरते. यावर धार जिल्ह्यातच एक जुने उत्तर आहे, ते म्हणजे बागची छपाई. बाग गावचे खत्री कारागीर कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतात, मग लाकडी ठशांनी तुरटीचे आणि लोहाचे मिश्रण उमटवतात. पुढे कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि मोठ्या भांड्यात धावड्याच्या फुलांसह उकळतात. तेव्हा कुठे त्यांचा तो ओळखीचा लाल आणि काळा खुलतो. इतक्यांदा पाणी पाहिलेले कापड श्रावणातल्या एका सरीला भीत नाही. बाग छपाईची सुती साडी आणि त्याच ठशाचा कुर्ता, एवढ्यात जोडीचे काम होते.

हिवाळ्यात पैठणी आणि शालू बाहेर काढावेत. सूर्य दिवसभर तिरपा राहतो, आणि तिरप्या उन्हात जर झळाळते. फक्त एक ध्यानात ठेवावे. मांडूच्या पठारावर पौषातली सकाळ बोचरी असते आणि थंडीने आखडलेले खांदे फोटोत लगेच दिसतात. विंध्याचा घाट उतरून निमाडात, नर्मदाकाठच्या महेश्वरला गेले की हवा उबदार होते.

महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर महेश्वरी साडी नेसण्यात नुसती हौस नाही, सोयही आहे. किल्ल्याच्या आणि मंदिराच्या दगडांवरची चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल ही नक्षी विणकरांनी काठात उतरवली. मागे दगडातला नमुना आणि पुढे काठातला, अशी जुळणी दुसरीकडे क्वचितच मिळते. शिवाय बुगडी काठाची महेश्वरी दोन्ही बाजूंनी नेसता येते. नदीवरच्या वाऱ्याने पदर उलटला तरी उलट बाजू बिघडलेली दिसत नाही.

फाल्गुनात माळव्याच्या वाटांवर पळस फुलतो. त्या केशरीपुढे केशरी घालू नये, फिका निळा किंवा दुधी रंग घालावा. वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा सकाळी आठच्या आत काम उरकावे आणि सुती किंवा लिननचेच कपडे घालावेत. करड्या आणि मध्यम निळ्या रंगावर घामाचे डाग चटकन दिसतात, पांढऱ्यावर फारसे नाहीत.

काही गोष्टी बाराही महिने लागू आहेत. बारीक चौकटीच्या किंवा अगदी जवळजवळच्या रेघांच्या शर्टावर कॅमेऱ्यात लहरी उमटतात, तो घरीच ठेवावा. जुन्या वास्तूंच्या आवारात कपडे बदलायला आडोसा मिळेलच असे नाही, म्हणून दोन पोशाख पुरेत. संरक्षित स्मारकात तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. माळव्याची काळी माती पावसात तळव्यांना धरून ठेवते, तेव्हा चालण्यासाठी रबरी चप्पल आणि फोटोपुरती मोजडी, असे दोन्ही जोड न्यावेत. रूपमतीच्या मंडपात वारा जोरात असतो. तिथे लांब ओढणी सावरता सावरता वेळ जातो, काष्ट्याची नऊवारी मात्र पायऱ्यांवरही जागची हलत नाही.

आणि भाड्याचा घागरा ठरवण्याआधी घरातली ट्रंक एकदा उघडून पाहावी. धार-देवासच्या कितीतरी घरांत आजीची नऊवारी महेश्वरी अजून जपलेली आहे. जुने रेशीम घडीवरच फाटते. म्हणून ती आठवडाभर आधी काढावी, सावलीत वाऱ्यावर पसरावी, घड्यांच्या रेषा उजेडाकडे धरून तपासाव्यात. धडधाकट निघाली तर रविवारी ती मांडूला न्यावी, आणि केळवणाच्या दिवशी आजीसमोर पुन्हा नेसावी.