अंधारातील क्षात्रधर्म

(सोलापूर येथे पालक आणि कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



दिवाळीत सोलापूरच्या वाड्या-वस्त्यांतून आणि सोसायट्यांच्या अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात. मुले दगड-विटा रचतात, त्यावर पोत्याचे तुकडे अंथरतात, चिखल लिंपतात, अळीव पेरतात आणि माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ती बसवतात. तेच हात संध्याकाळी मोबाइल किंवा कन्सोल घेऊन दुसऱ्याच युद्धात उतरतात. त्या युद्धात कधी जपानचा सामुराई असतो, तर कधी छपरांवरून धावणारा मारेकरी. घरातील वडील माणसांना त्या आवाजाचा त्रास होतो. पण पडद्यावर काय चालले आहे, हे विचारण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

ते विचारायला हवे. कारण या खेळांनी मुलांपुढे एक जुना आणि गंभीर प्रश्न ठेवला आहे. शूराने उघड्या मैदानात, शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडवून लढावे, की अंधारात दबा धरून वार करावा? उघड लढण्यात मान आहे आणि लपून लढण्यात केवळ यश आहे, असे असते का?

२०२० मध्ये आलेल्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळाची सारी कथाच या प्रश्नावर उभी आहे. काळ आहे १२७४ चा. मंगोल सैन्य त्सुशिमा बेटावर उतरते. एक सामुराई रिवाजाप्रमाणे एकटा पुढे होऊन द्वंद्वाचे आव्हान देतो. मंगोल सेनापती त्याच्या अंगावर मद्य फेकतो, त्याला पेटवतो आणि त्याचे शिर उडवतो. त्या लढाईतून वाचलेला जिन साकाई पुढे रात्रीचे छापे घालतो, पाठीमागून वार करतो, शेवटी विषाचाही वापर करतो. बेट वाचते, पण ज्या मामाने त्याला वाढवले, त्याच्या लेखी जिन कुळाला बट्टा लावणारा ठरतो.

कथा प्रभावी आहे, पण इतिहासाला सोडून आहे. १२७४ च्या सामुराईंना एवढी काटेकोर आचारसंहिता ठाऊक नव्हती. ‘बुशिदो’ म्हणून जगाला परिचित असलेले चित्र बरेचसे नंतरच्या शांततेच्या काळात रंगवले गेले. प्रत्यक्षात १२८१ च्या दुसऱ्या स्वारीत जपानी योद्धे लहान होड्यांतून रात्री मंगोल जहाजांवर चढत आणि छापे घालीत. मान उघड्यावर आणि कावा अंधारात, ही सरळ वाटणी ना जपानच्या इतिहासात होती, ना आपल्या.

आपल्याकडे तर या विषयाचा विचार फार पूर्वी झाला. कौटिल्याने अर्थशास्त्रात युद्धाचे तीन प्रकार सांगितले: प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध. देशकाल ठरवून उघड केलेले ते पहिले, फसवून आणि अचानक घाला घालून केलेले ते दुसरे, हेर आणि गुप्त उपायांनी केलेले ते तिसरे. तिन्हींना त्याने राजनीतीत स्थान दिले. मात्र त्याच ग्रंथात, शत्रूचा तळ किंवा दुर्ग घेताना जो पडला आहे, ज्याने पाठ फिरवली आहे, जो शरण आला आहे, ज्याने शस्त्र टाकले आहे, जो भयाने गलितगात्र झाला आहे आणि जो लढतच नाही, त्याला अभय द्यावे, असेही सांगितले आहे. कूटयुद्धाची विद्या आणि अभयाची मर्यादा एकाच लेखणीतून उतरली आहेत. यांतील पहिली उचलायची आणि दुसरी विसरायची, हे अर्धवट वाचन झाले.

हे अर्धवटपण कोठे नेते, ते महाभारताच्या सौप्तिकपर्वात दिसते. युद्ध संपले आहे, दुर्योधन मरणासन्न आहे. अश्वत्थामा रात्री वडाखाली बसला असताना एक घुबड झोपलेल्या कावळ्यांचा संहार करते, आणि त्याला त्यातून कल्पना सुचते. कृपाचार्य त्याला अडवतात. आज विश्रांती घे, सकाळी लढू, झोपलेल्यांना व शस्त्रहीनांना मारणे धर्माला धरून नाही, असे समजावतात. अश्वत्थाम्याचे उत्तर असे, की मर्यादा आधी पांडवांनीच मोडली. शस्त्र खाली ठेवलेल्या माझ्या पित्याला त्यांनी मारले. त्याचे दुःख खरे होते. आरोपही निराधार नव्हता. तरीही त्या रात्री छावणीत द्रौपदीचे पाच पुत्र मारले गेले, आणि पुढे त्याने उत्तरेच्या गर्भावरही अस्त्र सोडले. चिरंजीव असूनही त्याला वंद्य मानले गेले नाही. कपाळावरचा मणी गमावून, भळभळती जखम घेऊन तो भटकत राहिला, असेच लोकमानसाने त्याला लक्षात ठेवले. ‘त्यांनी आधी केले’ हे वाक्य माणसाला कुठवर घेऊन जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आता दुसरी रात्र. ५ एप्रिल १६६३, चैत्र शुद्ध अष्टमी. पुण्याच्या लाल महालात औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठ्या फौजेसह तळ देऊन होता. उघड्या मैदानात त्या फौजेला भिडणे म्हणजे स्वराज्याचा नाश ओढवून घेणे होते. समोरासमोर लढण्याचा आग्रह बहुतेक वेळा बलवानच धरतो, कारण ती रीत त्याच्या सोयीची असते. तोफा, हत्ती आणि संख्याबळ त्याच्याकडे असते. महाराजांनी ती सोय खानाला दिली नाही. निवडक माणसांसह ते स्वतः आत शिरले. ज्या वाड्यात बालपण गेले, त्याचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक होता. मुदपाकखान्याच्या बाजूने भिंत फोडून ते आत गेले. खान बोटे गमावून निसटला, त्याचा एक पुत्र मारला गेला. काही महिन्यांतच औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालला केली.

बाहेरून पाहता दोन्ही रात्री सारख्याच दिसतात. रात्रीची वेळ, झोपलेला तळ, मूठभर माणसे. मग एकीला पाप म्हणायचे आणि दुसरीला पराक्रम, हे केवळ आपला-परका भेद करून म्हणायचे काय? तसे असेल तर तो विचार नव्हे, पक्षपात होईल. फरक दाखवता आला पाहिजे, आणि तो दाखवता येतो.

पहिला फरक लक्ष्याचा. लाल महालात शिरण्यामागे चालू असलेल्या आक्रमणाचा सेनापती हे लक्ष्य होते. अश्वत्थाम्याचे लक्ष्य संपलेल्या युद्धानंतर एका वंशाचा उच्छेद हे होते. दुसरा फरक जोखमीचा. राजा स्वतः आत गेला. भाडोत्री मारेकरी पाठवून तो सुरक्षित गडावर बसला नाही. तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. अंधारात केलेल्या कृत्याची जबाबदारी उजेडात घेतली गेली. राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या १२ एप्रिल १६६३ च्या पत्रात या छाप्याची हकीकत येते. निवडक ४०० माणसांसह आपण स्वतः गेलो, असे महाराजांनी स्वतः पत्राने आपल्या राजापूरच्या अधिकाऱ्याला कळवल्याचा त्यात उल्लेख आहे.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वगळून लाल महालाची कथा सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. त्या रात्री खानाच्या जनानखान्यातील स्त्रियाही मारल्या गेल्या. मोगल बाजूच्या लेखकांनीही ते नोंदवले आहे. दिवे विझलेले, गोंधळ माजलेला, कोण कोठे आहे ते दिसत नाही. स्त्रियांच्या सन्मानाबाबत ज्यांची शिस्त शत्रूनेही वाखाणली, त्यांच्या छाप्यातही हे घडले. अंधार ही अशी किंमत घेतोच. म्हणूनच जो अंधाराचा आश्रय घेतो, त्याच्यावर मर्यादेचे बंधन उघड लढणाऱ्यापेक्षा अधिक कडक असले पाहिजे. मैदानात हजार डोळे पाहत असतात. लोकलाज माणसाला आवरते. अंधारात साक्षीला फक्त स्वतःचे मन असते.

शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेत हे बंधन शब्दांत आणि व्यवहारात दिसते. मुलूखगिरीवर निघालेल्या सैन्यात स्त्री असू नये, परमुलखात बायका-मुले धरू नयेत, असे नियम कृष्णाजी अनंत सभासदाने नोंदवले आहेत. चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र तर सर्वपरिचित आहे. रयतेच्या धान्याला, लाकूडफाट्याला, भाजीपाल्याला हात लावू नका, नाहीतर लोक म्हणतील की याहून मोगल बरे, असा त्याचा आशय. महाराजांवर कठोर शब्दांत टीका करणाऱ्या खाफीखानानेही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव न देण्याचा त्यांचा दंडक मान्य केला आहे.

या विचाराची परंपरा सोलापूरकरांना दूर शोधावी लागत नाही. मंगळवेढ्याच्या वाटेवर, भीमेच्या काठी माचणूर-ब्रह्मपुरी आहे. सिद्धेश्वराच्या मंदिराजवळ उभ्या असलेल्या त्या किल्ल्याच्या परिसरात १६९५ पासून चार वर्षांहून अधिक काळ औरंगजेबाची छावणी होती. जगातील एका अतिबलाढ्य साम्राज्याचा कारभार आपल्या जिल्ह्यातून चालत होता, आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांची हलकी घोडदळे त्या साम्राज्याची रसद तोडत, पिछाडीवर तुटून पडत आणि पाठलाग सुरू होण्याआधी दिसेनाशी होत. मोगल त्यांना ‘गनीम’, म्हणजे शत्रू, म्हणत. आपण अभिमानाने उच्चारतो त्या ‘गनिमी कावा’ या शब्दातील पहिला शब्द मुळात प्रतिपक्षाने दिलेला आहे.

छावणी ब्रह्मपुरीला असतानाच, नोव्हेंबर १६९५ मध्ये, संताजींनी चित्रदुर्ग भागात दोड्डेरीच्या गढीत कासिमखानाच्या मोठ्या सैन्याला कोंडले. दाणापाणी संपले, कासिमखान तेथेच मरण पावला. उरलेल्यांनी खंडणी कबूल केली. कोंडलेले सैन्य कापून काढणे त्या क्षणी अवघड नव्हते. संताजींनी ठरल्याप्रमाणे त्यांना बाहेर पडू दिले. भुकेल्या-तहानलेल्या सैनिकांना मराठ्यांनी अन्नपाणीही दिले. कावा पूर्ण यशस्वी झाला होता, आणि दिलेला शब्दही पाळला गेला.

या प्रकाशात मुलांचे खेळ पुन्हा पाहावेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘असॅसिन्स क्रीड’ या मालिकेतील गुप्त पंथाचा पहिला नियम निरपराधावर शस्त्र न उगारण्याचा आहे. पहिल्या खेळाचा नायक आरंभीच एका निरपराध वृद्धाला मारतो आणि त्याची पदावनती होते. सामान्य नागरिकांना मारत गेल्यास खेळ थांबतो. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये जिनने वापरलेले विष मंगोल शिकून घेतात आणि बेटावरील लोकांवरच वापरतात. म्हणजे या खेळांच्या निर्मात्यांनाही मर्यादेवाचून कथा पुढे नेता आलेली नाही. खेळ वाईट म्हणून हिसकावून घेणे सोपे आहे. त्यापेक्षा मुलाशेजारी बसून, ‘त्या पहारेकऱ्याला मारणे आवश्यक होते का? तो तर पाठमोरा होता’, असे विचारणे अवघड, पण उपयोगाचे आहे.

हा प्रश्न मुलांपुरता मात्र नाही. आज ‘गनिमी कावा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. परीक्षेतील कॉपी, व्यवहारातील फसवणूक, रातोरात केलेले पक्षांतर, या सर्वांना हसत हसत तेच नाव दिले जाते. खोट्या नावाचे खाते उघडून एखाद्या स्त्रीची, एखाद्या कुटुंबाची, एखाद्या विरोधकाची बदनामी करणारा तरुणही स्वतःला मावळा समजतो. त्याला वरचीच कसोटी लावावी. त्याचे लक्ष्य आक्रमक आहे, की दुबळा माणूस? त्याने स्वतः कोणती जोखीम उचलली? सकाळी आपल्या खऱ्या नावाने ‘हे मी केले’ असे तो सांगेल काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो लाल महालाचा वारस नव्हे. त्याची वाट वडाखालच्या त्या रात्रीकडे जाते. आणि ‘समोरचेही हेच करतात’ हे त्याचे समर्थन असेल, तर ते तेथे आधीच एकदा उच्चारून झाले आहे.

कार्यकर्त्याचे बरेचसे काम प्रसिद्धीबाहेर, कोणाच्या नजरेत न येता चालते. म्हणून ही कसोटी त्याला इतरांहून आधी लागू होते. यंदा दिवाळीत अंगणातील किल्ल्यावर मूर्ती बसवताना मुलांना लाल महालाची कथा अवश्य सांगावी. बोटे तुटल्याचे सांगावे, राजा स्वतः आत गेल्याचे सांगावे, त्या रात्री जे घडायला नको होते तेही सांगावे. आणि मग दोड्डेरीच्या गढीतून बाहेर पडणाऱ्या उपाशी शत्रूला भाकर-पाणी देणाऱ्या मराठ्यांची कथा सांगावी. ती मुलांनी फारशी ऐकलेली नसते.