विज्ञानकथेतील अर्थ आणि प्रतीके
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी मी विज्ञानकथेसारखा विषय निवडला, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु 'असे झाले असते तर?' हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न बऱ्हाणपूरकरांना मुळीच परका नाही. १६३१ साली मुमताजमहलचे ह्याच नगरीत निधन झाले. तापीपलीकडे जैनाबादेच्या आहुखान्यात तिचा देह काही महिने विसावला आणि मग आग्र्यास नेला गेला. तो इथेच राहिला असता, तर ताजमहाल तापीकाठी उभा राहिला असता काय? आपल्या गावात हा प्रश्न आजोबांकडून नातवाकडे वारशाने येतो. तेव्हा आपण सारे ह्या वाङ्मयाचे जन्मजात वाचकच आहोत, असे म्हणावयास हरकत नाही.

विज्ञानकथा वाचताना दोन चुका हटकून होतात. पहिली चूक म्हणजे तिला पंचांग समजणे. ज्यूल व्हर्नची पाणबुडी खरी झाली, चंद्रप्रवास खरा झाला, असा हिशेब मांडला की वाचन संपले, असे अनेकांना वाटते. दुसरी चूक विद्वानांची. ते विज्ञान बाजूला सारतात आणि प्रत्येक यंत्रात एकेक रूपक हुडकून काढतात. माझ्या मते विज्ञानकथेतील प्रतीक प्रथम शब्दशः खरे मानावे लागते. त्याचा अर्थ त्यानंतर उलगडतो. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्यातील निर्मित प्राण्याला नाव नाही. निर्मात्याने त्याला जन्म दिला, पण बारसे केले नाही, जबाबदारी घेतली नाही. लोक आज त्या प्राण्यालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. ती चूक खरी, पण तिच्यात एक न्यायही आहे, कारण केलेल्या कर्माला कर्त्याचेच नाव चिकटते. एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या 'टाइम मशीन'मध्ये भूमीवर सुखाने खेळणारे आणि भूमीखाली राबणारे असे मानवाचे दोन वंश दिसतात. गिरणी-कारखान्यांच्या युगातील मालक आणि मजूर ह्यांचेच ते लाखो वर्षांनंतरचे चित्र आहे. परंतु उत्क्रांतीचा नियम वेल्सने आधी गंभीरपणे घेतला, म्हणूनच त्या चित्राला धार आली.

मराठीत ही दृष्टी ठामपणे आणली ती डॉ. जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कीर्तीला दाराबाहेर ठेवून आलेल्या त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 'उजव्या सोंडेचा गणपती' ह्या कथेतही त्यांनी अशीच डाव्या-उजव्याची अदलाबदल खेळविली. फरक इतकाच की तेथे आद्याक्षरांऐवजी मूर्तीची सोंड आणि मनुष्याचा देह होता. श्रद्धेने पाहावयाची मूर्ती भूमितीच्या प्रश्नाचा पुरावा होते, आणि तरीही तिची थट्टा होत नाही, हे त्या कथेचे औचित्य. २० मे २०२५ रोजी नारळीकर आपल्यातून गेले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी त्यांच्या एका कथेपाशी थोडा अधिक थांबतो.

ती कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात एका ट्रकच्या धडकेने दुसऱ्याच जगात जातात. तेथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. आपल्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा बळी घेणारी गोळी तेथे त्यांच्या कानाला चाटून निघून गेली. एवढाच फरक, पण त्यामुळे सारा हिंदुस्थान वेगळा घडला. कथेतील भौतिकशास्त्रज्ञ राजेंद्र देशपांडे पुढे ह्याचा उलगडा करतात: सूक्ष्म कणांच्या जगात घटना निश्चित नसते, अनेक शक्यता असतात, आपल्याला त्यांतील एकच दिसते.

ह्या कथेचे आपल्या गावाशी नाते आहे. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून मराठ्यांना जे मिळाले, त्यात अशीरगड आणि बऱ्हाणपूर होते. त्याच वर्षी भाऊसाहेबांची फौज बऱ्हाणपुरावरूनच उत्तरेस गेली. म्हणून असेल, तरुणपणी मी ही कथा सांत्वन म्हणून वाचली. आपण हरलो नाही, निदान कोठेतरी जिंकलो, ह्या समाधानाने मी पुस्तक मिटले. आज प्रांजळपणे सांगतो, मी चुकीचे वाचले होते.

पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या विजयी जगात गंगाधरपंतांना कोणी ओळखत नाही. मुलाचा शोध घेतात, तर तो तेथे नाहीच. आझाद मैदानावर व्याख्यान चाललेले असते, अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. सभेला अध्यक्ष हवाच, ह्या सवयीने ते तिच्यावर जाऊन बसतात आणि बोलू लागतात. श्रोते त्यांना व्यासपीठावरून हाकलून देतात. ती रिकामी खुर्ची हेच कथेचे खरे प्रतीक आहे. इतिहास बदलला तरी आपली जागा तेथे राखलेली असेल, हा आपला भ्रम आहे. पराभव पुसला तर त्या पराभवातून घडलेले आपणही पुसले जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशातच राहिला. सीमारेषा थोडी इकडे सरकली असती तर, असे आमच्या पिढीने अनेकदा म्हटले. पण मग हिंदी शेजाऱ्यांच्या सहवासात वाढलेली आपली ही बोली, ही घरे आणि मराठी टिकावी म्हणून लोकांनी पदरमोड करून चालविलेले हे ग्रंथालय, हे सारे असेच असते काय?

कथेत आणखी एक गोष्ट आहे. गंगाधरपंतांना त्या जगाचे सत्य सापडते ते मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. ते परतले तेव्हा त्यांच्या सांगण्याला पुरावा उरला, तो बखरीच्या एका फाटक्या पानाचा. सारे जग हरवते आणि पान उरते! ग्रंथालयाच्या कपाटांचे ह्याहून मोठे माहात्म्य मी तरी कोठे वाचलेले नाही.

अलीकडे येथल्याच एका शाळकरी मुलीने मला विचारले, "काका, 'द ॲडव्हेंचर' ही कथा मूळ मराठीत आहे का हो?" अकरावीच्या 'हॉर्नबिल' ह्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिने ती वाचली होती. मला आनंद झाला, आणि थोडे वाईटही वाटले. आमच्याच मुलांना आमची कथा इंग्रजीतून भेटते. तिला मी 'यक्षांची देणगी' हा संग्रह वाचावयास सांगितला. आठवड्याने ती म्हणाली, "मराठीत गंगाधरपंत आपल्या घरातले वाटतात."

सभासदहो, दोन वाटा फुटतात त्या जागी गोळीचा मार्ग तिळभरच ढळतो. पुढील शंभर वर्षांत ह्या ग्रंथालयाचे काय होईल, हेही अशाच लहान गोष्टींवर ठरेल. एखाद्या सायंकाळी आपण नातवाचा हात धरून येथे आलो की नाही, एवढ्यावरही ते ठरू शकेल. खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल. कपाटातील पान वाचणारा मात्र असावा, एवढीच शुभेच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.