डावखुऱ्याची बंदूक

अमेरिकेंतील साउथ डकोटा प्रांतांत शरद ऋतूंत मक्याची कापणी होऊं लागली कीं फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हा लांब शेपटीचा पक्षी मूळचा आशियांतील. माणसांनींच तो तिकडे नेऊन सोडला, आणि १९१९ सालीं त्या प्रांतांत त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला. उंच गवतांतून चालणाऱ्या शिकाऱ्याच्या पायाजवळून तो एकाएकीं फडफडत उठतो. बंदूक खांद्याला लावून चाप ओढावयास दोनतीन क्षणांहून अधिक अवधि मिळत नाहीं. हंगाम संपला म्हणजे हेच शिकारी यंत्रानें हवेंत फेकलेल्या मातीच्या चकत्या फोडून आपला हात तयार ठेवतात. चकत्या ‘मातीच्या’ केवळ नांवाला. हल्लीं त्या डांबर व चुनखडी यांच्या मिश्रणाच्या असतात. दोन्ही कामांसाठीं एकच बंदूक घ्यावयाची, आणि त्यांतून घेणारा डावखुरा, म्हणजे निवड सोपी राहत नाहीं.

भारतीय श्रोत्याला यांतील अर्धी गोष्ट दुरूनच ऐकावयाची आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांमुळें आपल्याकडे हौसेची शिकार बंद झाली. चकत्यांची नेमबाजी मात्र येथें परकी नाहीं. बिकानेरचे महाराज करणी सिंह यांनीं १९६२ सालीं कैरो येथील जागतिक स्पर्धेंत, आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांनीं २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें याच प्रकारच्या बंदुकीनें रौप्यपदक मिळविलें.

दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं डोळ्यांची परीक्षा करावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या एखाद्या खांबाकडे बोट रोखावें व मग एकेक डोळा मिटून पाहावा. जो डोळा उघडा असतां बोट खांबावरच राहतें, तो प्रधान डोळा. रायफलीला मागें-पुढें नेमाच्या खुणा असतात. छऱ्यांच्या बंदुकीला पुढें केवळ एक मणी असतो आणि मागची खूण म्हणजे शिकाऱ्याचा डोळाच. म्हणून डाव्या हातानें लिहिणाऱ्याचा उजवा डोळा प्रधान निघाला आणि तो अजून नवशिका असला, तर त्यानें उजव्या खांद्यावरूनच शिकणें श्रेयस्कर. याउलट हात व डोळा दोन्ही डावे असतां केवळ वडिलांची बंदूक घरांत आहे म्हणून मुलाला उजवीकडे वळविणें हें सुखासुखी नुकसान करून घेणें होय.

बाजारांतील पुष्कळशा बंदुकांचा दस्ता किंचित् उजवीकडे वळविलेला असतो. त्यामुळें उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डोळा नळीच्या बरोबर मागें येतो. तोच दस्ता डाव्या गालाला लागला म्हणजे चेहरा उजवीकडे लोटला जातो, आणि डोळ्याबरोबर छरेंही उजवीकडे जातात. डोळा पाव इंच सरकला तर १६ यार्डांवर सुमारें ४ इंच व ४० यार्डांवर १० इंच अंतर पडतें. चकतीच्या खेळांत यानें एक गुण जाईल. रानांत मात्र छऱ्यांच्या झोताची नुसती कड पक्ष्याला लागते. तो जखमी होऊन उडतो आणि कोठेंतरी झुडपांत तडफडत मरतो. ज्याला शिकार करावयाची आहे त्यानें दस्त्याच्या या पाव इंचाला बंदुकीवरील नक्षीपेक्षां अधिक किंमत द्यावी.

आतां यंत्राकडे वळूं. आपोआप भरणाऱ्या बंदुकींत रिकामी पुंगळी उजव्या बाजूनें बाहेर फेकली जाते, म्हणजे डावखुऱ्याच्या अगदीं नाकासमोरून. डोळ्यांवर चष्मा हवा हें तर खरेंच, पण तप्त पुंगळी व दारूचे कण तोंडासमोरून जाऊं लागले कीं माणूस नकळत दचकतो, आणि दचकलेल्याचा नेम राहत नाहीं. चापामागील सुरक्षेचा खटकाही बहुधा उजव्या हाताच्या सोयीचा असतो; डाव्या हाताचें बोट त्याच्या भलत्याच टोकाशीं येतें. बेनेली व बेरेटा या इटालियन कारखान्यांनीं खास डावखुऱ्यांसाठीं उलट रचनेच्या बंदुका काढल्या आहेत. वायूच्या जोरावर चालणाऱ्या बंदुकीचा धक्का सौम्य असतो. ज्याचा खांदा नाजूक आहे त्यानें तशी डावखुरी बंदूक अवश्य पाहावी. पुढची मूठ मागें-पुढें ओढून भरावयाच्या पंप बंदुकांत इथाका ३७ ही १९३७ सालीं निघालेली बंदूक पुंगळी खालून टाकते, आणि मॉसबर्ग ५०० हिचा खटका माथ्यावर असल्यानें तो दोन्ही अंगठ्यांना सारखाच. थोड्या पैशांत काम भागवावयाचें असेल तर या दोहोंना नांवें ठेवतां येणार नाहींत.

तरीही एकच बंदूक घेणाऱ्या डावखुऱ्यानें वरखालीं नळ्या असलेली दुनळी पसंत करावी. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग १९२६ सालीं वारला तेव्हां तो असल्याच एका बंदुकीच्या कामांत गुंतला होता. ती १९३१ सालीं विक्रीस आली. या दुनळींत पुंगळ्या मागच्या बाजूस निघतात, खटका माथ्यावर मध्यभागीं असतो, आणि मोडून उघडलेली बंदूक रिकामी आहे हें रांगेंतील प्रत्येक सोबत्याला दुरून दिसतें. उघडण्याची कळ मात्र उजवीकडे ढकलावी लागते. डाव्या अंगठ्याला आरंभीं हें अवघड जातें, पुढें सवय होते. तिसरा बार मिळत नाहीं, ही उणीव मानणाऱ्यानें मानावी.

बोअर बारा असावा. चकत्यांसाठीं २४ ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या काडतुसापासून रानांतल्या जड काडतुसापर्यंत सर्व प्रकार त्यांत मिळतात. नळी २८ इंच आणि वजन सात ते साडेसात पौंड: याहून हलकी बंदूक दिवसभर वाहतांना बरी वाटते, पण १०० चकत्या फोडल्यावर खांदा तक्रार करतो. नळीचें तोंड आवळणारे चोक काढघाल करतां येण्याजोगे हवेत. ४० यार्डांवरील ३० इंची वर्तुळांत मोकळ्या नळीचे सुमारें ४० टक्के छरें पडतात, तर पूर्ण आवळलेल्या नळीचे ७० टक्के. अर्थात् जवळच्या चकतीला मोकळा चोक आणि दूर उडणाऱ्या पक्ष्याला आवळलेला. बदकांची शिकारही करावयाची असेल तर बंदूक पोलादी छऱ्यांस योग्य आहे कीं नाहीं हें विचारावें, कारण पाणपक्ष्यांसाठीं शिशाचे छरें अमेरिकेंत १९९१ पासून सर्वत्र बंद आहेत.

शेवटीं दस्ता. दुनळीचा लांकडी दस्ता कसबी कारागिराकडून वाकवून घेतां येतो. पुष्कळशा आपोआप भरणाऱ्या बंदुकांबरोबर तर दस्त्याच्या मुळाशीं घालावयाच्या पट्ट्याच मिळतात. मग मोठा कागद टांगून १६ यार्डांवरून, फार वेळ नेम न धरतां, त्यावरील खुणेवर दहाबारा बार काढावे. छऱ्यांचा मध्य उजवीकडे पडत राहिला तर दस्ता आणखी डावीकडे घ्यावा व नव्या कागदावर पुन्हां पाहावें. दुकानदार तयार असेल तर ही परीक्षा किंमत चुकती करण्यापूर्वींच उरकावी.