मोठं इंजिन बसवू या का?



शाळेचं एरोमॉडेलिंग पुन्हा सुरू करायचं असं आपल्या ग्रुपवर ठरलं आणि बघता बघता दोन इंजिनं जमली. एक सरांनी इतकी वर्षं तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलेलं २.५ सीसीचं डिझेल. दुसरं आपल्या अमेरिकेतल्या मित्राने पाठवलेलं ‘पस्तीस’चं, म्हणजे ०.३५ घन इंचाचं, आपल्या मापात साधारण ५.७ सीसी. विमान मात्र एकच उरलंय. ग्रुपवर सगळ्यांचं एकमत: मोठंच बसवा! मी सॉफ्टवेअरवाली, पण याच मैदानावर या विमानाच्या तारा धरलेली. म्हणून थोडा विरोध करायला उभी आहे.

एनसीसीत नसलेल्यांसाठी सांगते. कंट्रोल लाइन विमानाला रेडिओ नसतो. दोन बारीक पोलादी तारा असतात. एक टोक आपल्या हातातल्या हँडलला, दुसरं पंखातल्या बेलक्रँकला. मनगट वाकवलं की शेपटीचा एलेव्हेटर हलतो. आपण मधे उभे राहून गरगर फिरायचं. तारा ताठ आहेत तोवरच विमान आपलं ऐकतं, आणि तारा ताठ राहतात त्या विमानाच्या वेगामुळे.

आता हिशेब. आपलं विमान डिझेलसकट ७०० ग्रॅम, तारा १५ मीटरच्या. वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर हाताला ओढ बसते सुमारे १.९ किलोची आणि एक फेरी होते पावणेपाच सेकंदांत. आठवीतल्या मुलीला हे जमतं. मला जमत होतं. पण आज सकाळी मी मैदान पावलांनी मोजलं. नव्या इमारतीमुळे आता १२ मीटरच्या वर तारा सोडता येणार नाहीत. तेवढ्या तारांवर मोठं इंजिन, वेग सेकंदाला २८ मीटर धरा: ओढ सव्वापाच किलो, आणि फेरी पावणेतीन सेकंदांत. मैदानाच्या कडेला बाकी मुलं उभी असणार, हे विसरू नका.

उडवण्याआधी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा आणि बेलक्रँक तपासायचे, असा स्पर्धांमधला नियम आहे. मोठ्या इंजिनासह ती होते जवळजवळ आठ किलो. आपल्या विमानातला बेलक्रँक ज्या लाकडात बसवलाय, त्याचा डिंक आपल्या दहावीच्या आधीचा आहे.

वजनाचंही बघा. दोन्ही इंजिनं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, प्रोपेलरसकट. फरक ६० ग्रॅम. एवढंसंच वाटतं ना? पण ते गुरुत्वमध्याच्या १८ सेंटीमीटर पुढे बसणार, म्हणजे गुरुत्वमध्य जवळजवळ दीड सेंटीमीटर पुढे सरकणार. नाक जड झालं की विमान वर यायला आळस करतं, आणि जमीन तर जवळच असते. तोल साधायला शेपटीत २७ ग्रॅम शिसं घालायचं, म्हणजे वजन आणखी वाढलं. वरच्या हिशेबात मी तेही धरलंय. शिवाय नव्या इंजिनाचं पोट रुंद. ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर इंजिन बसतं त्या कोरून जागा करावी लागेल, म्हणजे जिथे धक्के जास्त बसणार तिथेच लाकूड पातळ! टाकीची उंचीही नीडल व्हॉल्व्हच्या पातळीत नव्याने जुळवावी लागेल.

इंधन तर वेगळंच. डिझेलला ईथर, रॉकेल, एरंडेल समसमान. तो वास गणवेशातून आठवडाभर जात नसे, आठवतंय? पस्तीसला ग्लो प्लग आहे. त्याला मेथॅनॉल आणि एरंडेल, आणि सुरू करताना प्लग तापवायला दीड व्होल्टचा सेल.

लहान इंजिन म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही हं. मोठ्या विमानाला कमी ताकदीचं इंजिन लावलं, तर ते वाऱ्याकडे तोंड करतं तेव्हा वेग पडतो, तारा ढिल्या होतात आणि मग मनगट कितीही हलवा, काही उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. जुन्या विमानात जुनंच इंजिन राहू दे, फक्त बेलक्रँकभोवतीचं लाकूड नवं घालू. पस्तीससाठी मुलांकडून वेगळं, मोठ्या पंखांचं विमान करून घेऊ. त्याच्या पट्ट्यांमधलं अंतर पस्तीसच्या मापाचं ठेवू. पुढे एखादं मधल्या आकाराचं इंजिन मिळालं, तर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांना त्याच्या मापाची भोकं पाडून ते तिथेच बसवता येईल. आमच्या धंद्यात याला ॲडॅप्टर म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. ते विमान मात्र या मैदानावर उडवायचं नाही. १८ मीटरच्या तारा मोकळ्या सुटतील आणि जवळपास विजेच्या तारा नसतील, असं मोठं मैदान शोधावं लागेल.

बाल्साचा खर्च मी करते. वजन ओढायचा स्प्रिंगचा काटा कुणाकडे आहे का? आणि सर, पहिल्या दिवशी डिझेलला टिचकी तुम्हीच मारायची. आमच्यापैकी कुणाच्याच हाताने ते एका दमात सुरू झालेलं नाही.