टाकी भरली म्हणजे बिघडली नव्हे



वीजबिलाचं बोलून झालं. आता जेवणाआधी बोलू नये ते बोलतो. २०१४ नंतर १२,००० रुपयांच्या अनुदानावर गावोगाव संडास झाले. ज्याला चार पैसे जुळले त्याने सेप्टिक टाकी बांधली. आणि श्रावणात पाणी भांड्यात वर येऊ लागलं.

आमच्याही घरी तेच. एका पावसाळ्यात तीनदा टाकी उपसली, आठवड्यात पुन्हा तुडुंब. गवंड्याला शिव्या घातल्या. पण टाकी बाहेरच्या पाइपापर्यंत कायम भरलेलीच असते. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. आमचा खड्डा काळ्या मातीत. ही माती पाणी पिऊन फुगते आणि तोंड मिटते, हे कपाशीच्या रानात जन्मभर पाहिलं, घरामागे विसरलो.

तेव्हा पैसे मोजण्याआधी बघा. घरातलं एकच भांडं तुंबलं तर अडकण त्याच्याच पाइपात. सगळंच तुंबलं तर झाकण उघडून जरा वारा खेळू द्या, मग लांबूनच पाहा. विडी पेटलेली नको. आतलं पाणी बाहेरच्या पाइपाच्या वर चढलं असेल तर पुढे खड्डा पाणी घेत नाही. चढलं नसेल तर घर ते टाकी हा पाइप चोंदलाय. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळाला टेकवा. गाळ खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला असेल तर उपसायची वेळ झाली.

आम्ही न्हाणीचं पाणी टाकीतून तोडून केळीला दिलं. खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर खणून खडी भरली, विहिरीपासून ६० फुटांच्या पलीकडे. तेव्हापासून टँकरचं भाडं वाचलं.

मात्र टाकीत माणूस उतरवू नका. आतला वायू दोन श्वासांत आडवा करतो. काढायला उतरलेला दुसराही जातो. संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आम्हाला कायदा ठाऊक होता. तरी ५०० रुपयांत उतरणारा एक अडलेला गडी दारात आला, तेव्हा आम्ही हो म्हणून बसलो. घरच्या म्हातारीने झाकणावर पाट टाकला आणि त्यावर बसून राहिली. टँकर चार दिवसांनी आला.