दिवसाचं ओझं



बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की मांजरसुंबा ओलांडल्यावर चौसाळा येतं. बालाघाटाच्या माथ्यावरचं हे माझं गाव. माणूस आशावादी आहे की निराशावादी, हे आमच्याकडे तो आभाळाकडे कसा पाहतो त्यावरून कळतं.

आमच्या घरात दोन्ही होते. दादा, म्हणजे माझे वडील, मृग लागायच्या आधीच बियाणं काढून बसत. ‘यंदा चांगलं होणार’ हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. आई मात्र भर सुगीतही चार पायल्या ज्वारी बाजूला काढून ठेवी. म्हणे, ‘पुढचं कुणी पाहिलंय?’ १९७२च्या दुष्काळात दादांची पेरणी करपली, आईची ज्वारी महिन्याभरात संपली. दोघंही खडी फोडायला गेले आणि मी सुकडीच्या रांगेत उभा राहिलो. आशाही हरली, सावधपणाही पुरला नाही.

तरी संध्याकाळी दोघं मारुतीच्या देवळात हरिपाठाला बसत. देवाकडं काय मागतेस, असं मी आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘‘मागायचं कशाला? दिवसाचं ओझं तिथं उतरवायचं. सकाळी पुन्हा उचलायचंच असतं की.’’

तेव्हा मला ते उमगलं नाही. पुढे तुकोबांचं चरित्र वाचलं. १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यानंतर त्यांनी देहूचं मोडकळीला आलेलं विठ्ठलमंदिर दुरुस्त केलं आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रकार सांगतात. दुःख टळलं नव्हतं, पण हाताला काम आणि मनाला मोकळीक मिळाली होती.

माझी पाळी २०१२ साली आली. बोअर आटलं, मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली, बैल छावणीत नेऊन बांधले. कर्जाचा खरा आकडा मी घरात कुणालाच सांगितला नव्हता. झोप उडाली. नको ते विचार मनात येऊ लागले. त्या उन्हाळ्यात एक दिवस मी कपिलधारला गेलो. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची तिथं समाधी आहे. धबधब्याच्या जागी नुसता खडक होता. समाधीपुढं बसलो, पण मागायला काही सुचेना. तेव्हा आईचे शब्द आठवले आणि डोळ्यांना धार लागली.

त्या रात्री बायकोला आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘‘एवढंच ना? मला वाटलं, काही मोठं दुखणं लपवताय.’’ कित्येक दिवसांनी मी झोपलो. कर्ज तेवढंच होतं, आभाळही कोरडंच होतं. ते फेडायला पुढं बरीच वर्षं लागली.

श्रोतेहो, पाऊस नक्की पडेल अशी खात्री म्हणजे श्रद्धा, असं मला आता वाटत नाही. ओझं उतरवायला एक जागा आहे आणि ते उचलू लागायला आपलं माणूस आहे, हा भरवसा म्हणजे श्रद्धा. ती आशावाद्याला हरल्यावर सावरते आणि निराशावाद्याला हरायच्या आधी उठवते. स्वभाव बदलायची अट ती घालत नाही.

दादा आणि आई, दोघंही आता नाहीत. मी मात्र मृगाआधी बियाणं काढतो आणि चार पायल्या ज्वारी बाजूलाही ठेवतो.